पोस्टरवर काय येणार

माझ्या नणंदेचा पुढचा दात दोन वर्षं अर्धा तुटलेला होता, आणि तो तसाच ठेवण्याचं कारण एक वेबसिरीज होती.

दात तुटला माझ्या वडीने. संक्रांतीला गुळाचा पाक जरा पुढे गेला आणि वड्या दगड झाल्या. बाकीच्यांनी एकेक चाखून डबा बाजूला ठेवला. ताईंनी मात्र चावून दाखवली. त्या माझ्या नवऱ्याहून मोठ्या, लग्न न केलेल्या, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून, म्हणजे यंत्रांची ड्रॉइंगं हाताने उतरवायला, लागलेल्या. पुढे कॉम्प्युटर आले, ट्रेसरचं काम संपलं आणि त्यांना फायली सांभाळायला बसवलं. निवृत्त झाल्यावर त्यांचं क्वार्टर गेलं आणि त्या दोन गल्ल्या पलीकडे आमच्याकडे, कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतच, राहायला आल्या. आमचंही क्वार्टर नवऱ्याच्या नोकरीपुरतंच. पण आजची गोष्ट ती नाही.

ताईंची खरी नोकरी गणपतीत असायची. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात तीस-एक वर्षं त्यांनी काम केलं. आधी नायिका, मग नायिकेची आई, मग खाष्ट सासू. मी लग्न होऊन आल्यापासून त्या नाटकांचे कपडे बघते. भोपाळात शूटिंगवाल्यांचा राबता सुरू झाला तेव्हा त्यांना इथलंच कपड्यांचं कोणीतरी हवं होतं. कोणी माझं नाव सांगितलं आणि मी त्या कामाला लागले. मुलगी शिकायला बाहेर गेली होती, घरी बसून काय करणार होते.

तर त्या संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी मुंबईहून एक तरुण दिग्दर्शक माझ्याकडे साड्या बघायला आला. त्याला नव्या नको होत्या. घरी धुतलेल्या, घरी स्टार्च केलेल्या, फॉल उसवून पुन्हा लावलेल्या साड्या हव्या होत्या. दार ताईंनी उघडलं. तो बुटासकट आत येत होता.

"जूते बाहर," ताई म्हणाल्या. "साड़ी बाद में देखना."

तो उंबऱ्यावर उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला. तुटलेल्या दातातून त्यांचा 'स' शीळ घालत बाहेर येत होता. साड्या त्याने पाच मिनिटांत निवडल्या. ताईंशी मात्र तो दोन तास बोलत बसला.

त्याची गोष्ट अशी होती. कारखान्यातून निवृत्त झालेली एकटी बाई. क्वार्टर सोडायची मुदत आलेली. ती रोज सामान बांधते आणि रोज त्यातलं थोडं सोडते, कारण झारा लागतो, पाट लागतो, पाहुणा आला तर चादर लागते. सगळी सिरीज एवढीच. ती बाई म्हणून त्याला ताई हव्या होत्या.

नेहरू नगरात दातांच्या डॉक्टरकडे आम्ही वेळ घेतली होती. तो हात जोडून म्हणाला, "आंटीजी, दाँत ऐसे ही रहने दीजिए. दूसरे सीज़न तक." दुसऱ्या सीझनच्या शेवटी ती बाई क्वार्टर सोडते आणि नव्या भाड्याच्या घरी जायच्या आदल्या दिवशी दात बसवून घेते, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. ताईंना हे फार आवडलं. "म्हणजे दाताला सुद्धा गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. मी डॉक्टरची वेळ रद्द केली.

शूटिंग आमच्याच मागच्या गल्लीतल्या एका रिकाम्या क्वार्टरमध्ये झालं. युनिट बाग सेवनियात राहायचं, सकाळी गाड्या भरून यायचं. त्याच हिवाळ्यात त्याच ओटीटी कंपनीची दुसरी एक सिरीज भोपाळात चालू होती, तिचा दुसरा सीझन. ती बंदुकांची होती. तिचेही काही कपडे माझ्याकडे होते. तिकडे एकाच शर्टाच्या डझनभर प्रती शिवायच्या, कारण प्रत्येक टेकला रक्त लागतं आणि शर्ट वाया जातो. इकडे एकच साडी महिनाभर. मी दोन्हीकडे सारखंच काम करत होते. फरक मला फक्त इस्त्रीत दिसत होता.

एके दिवशी कंपनीचा माणूस आला. पांढरे स्वच्छ बूट, हातात फोन. त्याने दोन-तीन दृश्यं बघितली, छान आहे म्हणाला, आणि मग दिग्दर्शकाला विचारलं, "पोस्टर पे क्या आएगा?"

दिग्दर्शकाने ताईंकडे बोट दाखवलं. त्या खुर्चीत बसून स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होत्या. "ये आएंगी."

त्या माणसाने ताईंकडे पाहिलं. वाईट नजरेने नव्हे, दुकानदार माल बघतो तसं. "और?"

"और क्या?"

"मतलब इनके साथ कोई? कोई यंग? आदमी फ़ोन पे अँगूठा चलाता जा रहा है, उसे रोकना है ना. किस चीज़ पे रुकेगा?"

दिग्दर्शक गोष्टीतल्या बाईच्या पुतणीच्या प्रेमप्रकरणाबद्दल काहीतरी बोलू लागला. सगळ्या सिरीजमध्ये ती पुतणी जेमतेम एका भागात येत होती. ताई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "विचार त्याला, कांदेपोहे करू का. मुलगी पसंत दिसत नाही."

मी हसले. त्याही हसल्या. पण मालिकेचं काय होणार हे त्या दोन मिनिटांत ठरलं होतं. आम्हाला ते कळायला वर्ष गेलं, एवढंच.

सिरीज आली तेव्हा आली हे कळलंच नाही. दिग्दर्शकाचा ताईंना मेसेज आला म्हणून कळलं. पेट्रोल पंपाच्या चौकात भलं मोठं होर्डिंग लागलं होतं, ते बंदूकवाल्याचं. सिटी बसच्या पाठीवर तोच. आमची सिरीज शोधायला नाव टाइप करावं लागायचं, आणि टाइप केल्यावर जे चित्र यायचं त्यात पुतणी आणि तिचा प्रियकर एका छत्रीखाली उभे. ताई कुठेच नाहीत. ज्याने ते चित्र बघून सिरीज लावली असेल तो म्हातारी झाऱ्यावरून हुज्जत घालतेय हे बघून दहाव्या मिनिटाला उठला असेल. ज्याला म्हातारी बघायला आवडली असती तो छत्रीकडे वळलाच नसेल.

"दुकानात आहे," माझा नवरा म्हणाला, "पण गोदामात आहे."

मंडळाला मात्र याचं काही नव्हतं. मंडळाला अभिमान होता. आमच्याकडे कोणाचं काही चांगलं झालं की ते एकट्याने भोगायचं नाही, हॉलमध्ये आणायचं, अशी रीत आहे. कोणाच्या मुलाला नोकरी लागो की कोणाला नातू होवो, पेढे हॉलमध्येच. सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं की सिरीज कोणीही घरी बघायची नाही. दर शनिवारी आरतीनंतर हॉलमध्ये एकेक भाग दाखवला जाईल, प्रोजेक्टरवर, नंतर साबुदाण्याची खिचडी.

लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. शेजारच्या एका वहिनींनी दुसरा भाग चोरून बघितला आणि बोलता बोलता तोंडातून निसटलं, तर बाकीच्या बायकांनी त्यांना असं झापलं, जसा काही नैवेद्याआधी ताटात हात घातला. जे मुलांकडे बाहेरगावी गेले होते त्यांनीही फोनवर बघितली नाही, परत आल्यावर मंडळात बघू म्हणून.

सगळे शनिवार हॉल भरला. लोक सतरंज्या घेऊन यायचे. पहिल्या शनिवारी ताईंना शाल-श्रीफळ दिलं. चौथ्या भागात इस्टेट ऑफिसचा माणूस क्वार्टर खाली करायची नोटीस घेऊन येतो, बुटासकट आत पाय टाकतो, आणि ती बाई म्हणते, "नासपीटे, पहले जूते बाहर उतार, फिर मुझे बाहर निकालना." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पण दृश्य तिथे संपत नाही. तो माणूस खरंच बाहेर जाऊन बूट काढतो. त्याच्या मोज्याला भोक असतं. ती ते बघते आणि माठातून पाणी काढून त्याला देते. तो उभ्यानेच पितो. नोटीस टेबलावर असते. बराच वेळ कोणी काही बोलत नाही. टाळ्या वाजवणारे हात तसेच मांडीवर राहिले. माझ्यापुढे बसलेले एक गृहस्थ, ज्यांनी स्वतः मागच्या वर्षी क्वार्टर सोडलं होतं, चष्मा काढून पुसत बसले आणि खिचडीला थांबले नाहीत.

ताईंनी तीस वर्षं नाटकांत संवाद म्हटले होते. काही न बोलता हॉल धरून ठेवता येतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्या मला घरी येताना म्हणाल्या, "दुसऱ्या सीझनमध्ये माझं बोलणं अजून कमी करायला सांगते त्याला."

त्या दुसऱ्या सीझनची वाट बघू लागल्या. लग्नात बोलताना तोंडावर हात धरायच्या. पेरू आम्ही त्यांना किसून द्यायचो. दारातलं झाड पेरूंनी लगडलेलं आणि या चमच्याने खाताहेत. मी दोनदा म्हटलं, "ताई, आता बसवून घ्या." त्या म्हणायच्या, "तुझी वडी अशी वाया जाऊ देऊ का?"

पुढच्या हिवाळ्यात बंदूकवाल्या सिरीजचा तिसरा सीझन आला शूटिंगला. मी कपड्यांच्या खोलीत शर्ट मोजत होते तेव्हा कंपनीची एक मुलगी आली. आमच्या सिरीजवरही तीच होती. कामाची मुलगी, फालतू गोड बोलणारी नाही. मी तिला विचारलं, आमचा दुसरा सीझन कधी.

"दीदी, वो तो ख़त्म है," ती म्हणाली. "आपको किसी ने बताया नहीं?"

मग तिने सांगितलं. सिरीज आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत किती जणांनी उघडली आणि किती जणांनी शेवटपर्यंत बघितली, यावर पुढचं ठरतं. आमची फार थोड्यांनी उघडली.

"हमारे यहाँ तो पूरा हॉल देखता था," मी म्हटलं. "हर शनिवार."

"हॉल में? कितने अकाउंट से?"

"एक से."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने ओठ आवळले आणि म्हणाली, "तो एक."

आणि तो एकही शनिवार-शनिवार करत बघणारा. शेवटचा भाग हॉलमध्ये लागला तोवर मुंबईत निर्णय झाला होता. आम्ही पुढच्या शनिवारी खिचडीत दाणे जास्त घालावेत का यावर चर्चा करत होतो.

मी तिला सरळ विचारलं, सगळ्या पिपलानीने आपापल्या घरी बघितली असती तर? तिने दाराकडे बघितलं, मग म्हणाली, "सच बोलूँ दीदी? उससे भी कुछ नहीं होता. जिसका पोस्टर नहीं बनता उस पे ऊपर वाले ख़र्च नहीं करते. ख़र्च नहीं, तो लोगों को दिखती नहीं. दिखती नहीं, तो नंबर नहीं आते. फिर मीटिंग में वही लोग कहते हैं, देखा, नहीं चली."

हे मला नवीन नव्हतं. न्यू मार्केटात साडीच्या दुकानांत साड्या निवडण्यात मी आयुष्य घालवलंय. दुकानदार काचेत लावतो ती साडी खपते. कपाटात तळाला ठेवलेली चांगल्या सुताची साडी कोणी मागत नाही, कारण ती तिथे आहे हेच कोणाला माहीत नसतं. वर्षाने तो ती सेलमध्ये काढतो आणि म्हणतो, "बहनजी, ये माल चलता नहीं." पण त्या दुकानदाराला निदान ठाऊक असतं की साडी त्यानेच तळाला ठेवली. त्याला विचारलं तर तो ओशाळतो. इथे कोण ओशाळणार? पांढऱ्या बुटांचा माणूस वाईट नव्हता. तो आमच्या क्वार्टरमध्ये चांगलं-वाईट ठरवायला आलाच नव्हता. अंगठा कशावर थांबेल एवढंच बघायला आला होता, आणि तो ताईंवर थांबणार नाही हे त्याने बरोबर ओळखलं. नंतर कोणाचा अंगठा त्यांच्यापर्यंत पोचू दिला नाही, म्हणजे त्याचं बरोबरच ठरलं.

घरी आले तर ताई मटार सोलत होत्या. मी समोर बसले आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. मला गोष्ट गुंडाळून सांगता येत नाही.

त्या थोडा वेळ सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मंडळाने बघितली ती मोजलीच नाही?"

"मोजली. एक."

"एक कोण?"

"सेक्रेटरींचा मुलगा. अकाउंट त्याचं होतं."

"तो तर पुण्याला असतो."

"हो."

"त्याने बघितली?"

"नाही. त्याला वेळ मिळाला नाही म्हणे."

ताईंनी सोललेले मटार माझ्याकडे सरकवले आणि टरफलं घेऊन बाहेर गाईला घालायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालून तयार होऊन बसल्या. मी स्कूटर काढली आणि आम्ही नेहरू नगरला गेलो. त्या खुर्चीत बसल्या, डॉक्टरांनी दिवा तोंडावर आणला, आणि थांबून म्हणाले, "अरे, आप तो वो जूते वाली आंटी हैं ना?"

तेव्हा कळलं. कंपनीने इंटरनेटवरच्या आपल्या पानावर त्या दृश्याचा एक तुकडा टाकला होता. आमच्या सिरीजसाठी नव्हे. कसली तरी सणाची सवलत होती, त्याची जाहिरात म्हणून. घरी नको असलेले पाहुणे आले की काय म्हणायचं, असं वर लिहिलेलं. ताई "नासपीटे" म्हणतात, बूट बाहेर काढायला सांगतात, तोंड उघडं असतानाच चित्र थिजतं आणि मागे कसला तरी खदाखदा आवाज. मोजा नाही, माठ नाही, पाणी नाही. सिरीजचं नावही नाही. डॉक्टरांनी, त्यांच्या बायकोने, चिठ्ठ्या देणाऱ्या मुलीने, सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

"एक बार बोल दीजिए ना," ती मुलगी फोन समोर धरून म्हणाली.

ताईंच्या तोंडात कापूस होता. त्यांनी हाताने 'नंतर' अशी खूण केली. मग दात बसला आणि ते वाक्य न म्हणताच आम्ही निघून आलो.

दात चांगला बसला. त्यांनी दारातला पेरू तोडून उभ्या उभ्या खाल्ला, बियांसकट.

महिनाही झाला नसेल, त्या कंपनीच्या मुलीचा मला फोन आला. बंदूकवाल्या सिरीजमध्ये हिरोच्या टोळीतल्या एकाची आजी हवी आहे. एकच दृश्य. पोलीस घरात शिरतात आणि आजी तेच वाक्य म्हणते. वरच्यांना ती क्लिप फार आवडली आहे. "दाँत वैसा ही है ना?"

"नहीं," मी म्हटलं. "लगवा लिया."

"कोई बात नहीं, काला कर देंगे."

मी मनात नकाराची वाक्यं जुळवूनच ताईंपुढे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाक्य तेच?"

"तेच."

"त्याच्या पुढे?"

"पुढे काही नाही. हिरो हसतो आणि गोळीबार सुरू होतो."

"ज्याचा दुसरा सीझन होणार होता तो दिग्दर्शक काय करतो हल्ली?"

"जाहिराती करतो असं ऐकलं. टाइल्सच्या."

त्यांनी माझ्या साड्यांच्या कपाटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "साडी तू देणार असशील तर इस्त्रीची देऊ नकोस."

मला राग आला होता. तो मी गिळला, कारण काम त्यांचं होतं आणि बोलावणं त्यांना आलं होतं. सहासष्टाव्या वर्षी दुसरं कोण बोलावणार होतं.

करोंदकडच्या एका जुन्या घरात शूटिंग होतं. मेकअपवाल्याने नव्या दातावर ब्रशने काळं लावलं, वाळवलं, पुन्हा लावलं. पोलीस बुटासकट आत आले. ताईंनी वाक्य म्हटलं. सगळं युनिट हसलं, म्हणजे चांगलं झालं. आणि त्यांचा हात माठाकडे गेला.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "आंटीजी, लाइन के बाद कुछ नहीं करना. बस वहीं रुकना है."

त्या हो म्हणाल्या. पुन्हा झालं. पुन्हा वाक्य, पुन्हा हशा, पुन्हा हात पाण्याकडे निघाला. त्यांना कळत नव्हतं असं नाही. हात ऐकत नव्हता. आणखी एकदा तसंच झाल्यावर दिग्दर्शकाने कोणाला तरी खूण केली आणि माठ उचलून बाहेर नेऊन ठेवला. मग शॉट ओके झाला.

घरी आल्यावर त्या बेसिनपाशी उभ्या राहून दात घासत होत्या. काळं निघत नव्हतं. मी खोबरेल तेल दिलं, त्याने निघालं.

उन्हाळ्यात पेट्रोल पंपाच्या चौकात नवं होर्डिंग लागलं. पुढे हिरो, त्याची बंदूक, आणि मागे कोपऱ्यात ताईंचं उघडं तोंड, काळा दात. आमच्या नेहमीच्या पोहेवाल्याने त्या दिवशी जिलबीचे पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. शनिवारपासून हॉल घेतलाय, प्रोजेक्टर तपासून ठेवलाय, खिचडीचं कोण बघणार.

मी फोनवर हात ठेवून ताईंना सांगितलं. त्या पेपर वाचत होत्या.

"त्यांना सांग, हॉल उघडायचा नाही," त्या पेपरातून वर न बघता म्हणाल्या. "ज्याने त्याने आपापल्या घरी बघा. आठवड्याच्या आत. आणि मधे उठायचं नाही म्हणावं, शेवटपर्यंत बघा."

सेक्रेटरींनी ते ग्रुपवर तसंच टाकलं. पिपलानीतल्या मराठी घरांनी ती सिरीज शिस्तीत, वेगवेगळी, शेवटपर्यंत बघितली. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी टीव्ही चालू ठेवून भाजी निवडली.

तिचा चौथा सीझन आधीच ठरलेला होता. शर्टांचं माप माझ्याकडे कधीच येऊन पडलं होतं.